आर्नफिनचे उणे वीस

आमच्या गावात स्कीची शर्यत होणार की नाही, हे चौतीस वर्षं आर्नफिनने ठरवलं. क्लबचे अध्यक्ष आले नि गेले, वेळ मोजायची घड्याळं बदलली, पोरांच्या पायातल्या लाकडी स्की जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या, पण रविवारी सकाळी थर्मामीटर घेऊन विहिरीत उतरायचं ते आर्नफिननेच. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. शर्यतीची वाट टेकडीवरून सुटते, जंगलातून खाली उतरते आणि नदीकाठच्या एका खोलगटातून पुन्हा वर चढते. वारा नसला की दरीतली सगळी थंडी रात्रभर ओघळून तिथे येऊन बसते. वर उणे दहा असलं तर खाली उणे चौदा. माझ्या आजोबांच्या वेळेपासून त्या जागेला विहीर म्हणतात.

थंडी मोजायची ती विहिरीतच, हा क्लबचा नियम. वर, जिथे आया कॉफीचे कप धरून गप्पा मारत असतात, तिथे नाही. आणि विहिरीत उणे अठराच्या खाली पारा गेला तर पोरांना सोडायचं नाही. मग कुणी किती का रडेना.

मी ओड्नी. या सगळ्या वर्षांत टेकडीवरच्या लाकडी खोलीत बसून नावं लिहून घ्यायची, नंबर वाटायचे आणि मध्ये वेळ मिळेल तशा वाफल, म्हणजे साच्यातल्या गोड पोळ्या, भाजायच्या, हे माझं श्रमदान. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. असेल. पण जिथे ती चालायला हवी होती नेमकी तिथेच ती चालली नाही, म्हणून आज ही गोष्ट सांगायला बसले आहे.

आर्नफिन पोटासाठी रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवायचा. आम्ही सगळे साखरझोपेत असताना हा गडी अर्धी दरी मोकळी करून आलेला असायचा. बोलायला अगदीच कंजूष. "कसा आहेस रे?" विचारलं तर "उणे नऊ" म्हणायचा आणि पुढे जायचा. बायको म्हणायची, लग्नाचं विचारायला आला तेव्हाही आधी हवेचंच बोलला. पण त्याने आकडा सांगितला की ती काळ्या दगडावरची रेघ. कुणी दुसरा थर्मामीटर काढून पडताळून बघितलाय, असं कधी झालं नाही.

त्यालाही कारण होतं. सैन्यात असताना, विशीच्या आत, उणे एकतीसमध्ये त्याला शर्यतीत पळवलं होतं. अधिकाऱ्याला दुसऱ्या तुकडीसमोर शान मारायची होती. आर्नफिन तिसरा आला आणि आठवडाभर दवाखान्यात पडला. तेव्हापासून त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. जिना चढला तरी ऐकू यायची. एकदा डेअरीचे एक बडे गृहस्थ बक्षिसाचे कप घेऊन आले होते आणि नेमकी त्या दिवशी विहिरीत साडेअठरा. गृहस्थ चिडले. "अर्ध्या अंशाने काय कुणी मरतं का?" आर्नफिनने कोटाची बटणं काढली, त्यांच्यासमोर छाती पुढे केली आणि म्हणाला, "कान लाव." सगळ्या लोकांदेखत त्या माणसाने खरंच कान लावला. मग गुपचूप कप गाडीत भरून निघून गेला. आम्ही ती गोष्ट पुढे कित्येक हिवाळे चघळली.

असा माणूस. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर त्याला कुणी लबाड म्हणेल, आणि तो लबाड नव्हता. एक रविवार सोडला तर.

त्याला एकच मुलगी, तोन्ये. उशिरा झालेली, त्यामुळे डोळ्यातलं बुबुळ. पंधरा वर्षांची होती त्या हिवाळ्यात दरीतल्या सहा शर्यतींची मालिका होती आणि तिच्या वयाच्या मुलींत जी पहिली येईल तिला देशभरच्या मोठ्या शर्यतीत जायची जागा मिळणार होती. जागा एकच. पाच शर्यती झाल्या तेव्हा तोन्ये चार गुणांनी पुढे होती. पण तिच्या मागे होती गुरो, नदीपलीकडच्या एम्ब्रेटची पोर. एम्ब्रेट मेंढ्या पाळणारा, बायको गेलेली, बापलेक दोघंच. ती पोर दिसायला किरकोळ, पण पायात काय होतं कुणास ठाऊक. शेवटच्या दोन शर्यती तिने मारल्या होत्या आणि सहावीही मारणार हे आमच्या गावातल्या कुत्र्यामांजरांनाही कळत होतं. त्यात तोन्येला आठवडाभर खोकला. शर्यत झाली तर जागा गुरोची. शर्यत रद्द झाली तर पाचांवरच निकाल आणि जागा तोन्येची. इतकं सरळ होतं ते.

त्या रविवारी आकाश लख्ख आणि वाऱ्याचं नाव नाही. माझ्या खोलीबाहेर सात वाजता उणे बारा होतं. म्हणजे विहिरीत सोळा, फार तर साडेसोळा. शर्यत होणार. मी मनातल्या मनात चरफडले, कारण दुपारी माझ्या बहिणीचा पन्नासावा वाढदिवस होता, केक माझ्याकडे होता आणि त्यावर क्रीम लावायचं राहिलं होतं. हे सांगायला मला लाज वाटते. पण कारण एवढंच होतं, याहून मोठं काही नव्हतं.

आमचा थर्मामीटर एका लाकडी फळीवर बसवलेला होता. तो विहिरीतल्या बर्चच्या झाडाच्या फांदीला टांगायला लाल लोकरीची दोरी होती, आर्नफिनच्या बायकोने विणलेली, बरोबर मापाची. फांदीला अडकवली की पारा पोराच्या छातीच्या उंचीवर यायचा. कारण श्वास तिथून घेतात, पायातून नाही, असं आर्नफिनचं म्हणणं. थर्मामीटर आणि दोरी दोन्ही माझ्या खोलीत एकाच खुंटीवर असायचं.

आठ वाजता तो वर आला. भुवया पांढऱ्या झालेल्या.

"उणे वीस," तो म्हणाला.

"वीस?" मी म्हटलं. "बाहेर तर बारा आहे."

"वीस."

आणि माझी नजर खुंटीवर गेली. लाल दोरी तिथेच लोंबत होती.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. अशा निवांत, उघड्या सकाळी बर्फाच्या अंगावरची हवा सगळ्यात थंड असते. छातीच्या उंचीवर सोळा असेल तर बर्फावर टेकवलेला पारा वीस दाखवतो. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. आर्नफिनने थर्मामीटर टांगला नव्हता, खाली ठेवला होता.

मी दोरीकडे बघते आहे हे त्याने पाहिलं. मग त्यानेही दोरीकडे पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. 'अरे, दोरी विसरलास की,' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. रोज मी त्याला चाळीस ऐकवायचे. पण मी वळले आणि साच्यातली वाफल उलटली. मूग गिळून गप्प बसले म्हणतात ना, तशी. त्याने दोरी घेतली नाही. हातमोजे घातले आणि तसाच पुन्हा खाली गेला.

नऊ वाजता वीस. दहा वाजता साडेएकोणीस. शर्यत तासातासाने पुढे ढकलली जात होती, पोरं मेण लावलेल्या स्की भिंतीला टेकवून माझ्याकडे काळ्या बेरींचं गरम सरबत पीत होती, गालांवर थंडीसाठी चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कडा सुटायला लागल्या होत्या. तोन्ये कोपऱ्यात खोकत होती. गुरो बसायलाच तयार नव्हती. दर पाच मिनिटांनी खिडकीशी.

"ओड्नी, अकरा वाजता होईल ना गं अठरा?" तिने मला विचारलं.

"आर्नफिनला विचार बाई. मी काय, मी वाफल भाजते."

अकरा वाजता एकोणीस. लांबच्या गावांच्या बस थांबायला तयार नव्हत्या. अध्यक्षांनी कर्णा तोंडाला लावला आणि शर्यत रद्द झाल्याचं जाहीर केलं. आयांनी हुश्श केलं. "आर्नफिन आहे म्हणून बरंय," कुणीतरी म्हणालं.

गुरो खोलीमागे लाकडाच्या ढिगाआड जाऊन रडली. मला भिंतीतून ऐकू येत होतं. तिचा बाप एम्ब्रेट आत आला. अवाढव्य माणूस, दारातून वाकून यावं लागायचं. मला वाटलं आता हा भांडणार. त्याने टोपी काढली आणि आर्नफिनचा हात हातात घेतला.

"पोरगी रडतीये," तो म्हणाला. "रडू दे. तिच्याशिवाय मला कोण आहे? तिची छाती गेली तर मी तो कप घेऊन काय चाटू? लेकीसाठी केलं असं लोक म्हणतील हे ठाऊक असूनही तू आकडा हलवला नाहीस. असा माणूस मी पाहिला नाही."

आर्नफिनच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती, आणि तो तर उभाच होता, चाललाही नव्हता.

दुपारी मी बहिणीकडे केक नेला. क्रीम छान जमलं होतं. सगळ्यांनी वाखाणलं.

तोन्ये मोठ्या शर्यतीला गेली आणि एकसष्टावी आली. दोन वर्षांनी तिने स्की सोडली ती सोडलीच. आता ती शहरात चष्म्याच्या दुकानात आहे. त्या शर्यतीचा विषय निघाला तर "शी बाबा, किती वारा होता तिथे" एवढंच तिला आठवतं. आणि गुरो पुढच्याच हिवाळ्यात वेळ नाही म्हणून मालिकेतून गळाली. बापाला मेंढ्यांत मदत हवी होती. खरं कारण तेच होतं की आणखी काही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

क्लबच्या वार्षिक सभेत आर्नफिनला भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. 'पोरांच्या काळजीसाठी' असं त्यावर कोरलेलं. टाळ्यांचा नुसता पाऊस. मीही वाजवल्या. ते घड्याळ त्याने घरात लावलंच नाही. गोठ्यात नेऊन ठेवलं आणि बायकोने विचारलं तर म्हणाला, गाईंना वेळ कळायला हवी. बायकोला ती थट्टा वाटली.

मग त्याने प्रायश्चित्त सुरू केलं. प्रायश्चित्त हा माझा शब्द. त्याने त्याला काही नाव दिलं नाही. रस्त्याचं काम आटोपलं की गाडी नदीपलीकडे घालायचा आणि एम्ब्रेटचं अंगण, मेंढवाड्यापर्यंतची वाट, सगळं लोटून यायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही. हिवाळ्यामागून हिवाळे. पण एम्ब्रेटसारख्या माणसापुढे प्रायश्चित्त घेणंही सोपं नसतं. त्याला वाटलं, बघा, किती भला माणूस! मग दर शरद ऋतूत शिकार झाली की तो एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या दांडग्या हरणाच्या, मांसाचा भलामोठा तुकडा घेऊन आर्नफिनच्या दारात हजर. आर्नफिनच्या गळ्याखाली ते उतरेना. तो ते माझ्याकडे आणून टाकायचा.

"तुझ्याकडे फ्रीजर मोठा आहे," तो म्हणायचा.

"आणि तुझं पोट लहान झालंय का?" मी म्हणायचे.

तो माझ्याकडे बघायचा, मी मांसाकडे. बस. त्याच्याशी त्या रविवारबद्दल झालेलं माझं आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं म्हणजे हे. आणि ते मांस मी खाल्लं. बटाटे आणि जंगली बेरींचा मुरंबा घालून, बावीस वर्षं, चवीने खाल्लं. ज्या पोरीचं आम्ही दोघांनी हिसकावलं, तिच्या बापाने दिलेलं मांस. पहिल्या वर्षी घशात अडकलं, दुसऱ्या वर्षी थोडं कमी. माणसाला सगळ्याची सवय होते, ही चांगली गोष्ट आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

त्यानंतर त्याने एकदाही दोरीशिवाय थर्मामीटर नेला नाही. उलट दोन न्यायला लागला, आणि दोघांत जो कमी थंड दाखवेल तोही सांगायचा. लोक म्हणायचे, म्हातारपणी आर्नफिन फारच काटेकोर झालाय. खाई त्याला खवखवे. मला ठाऊक होतं ना.

गेल्या हिवाळ्यात त्याचे गुडघे गेले. विहिरीत उतरणं ठीक, पण वर चढताना शिट्टी आणि गुडघे दोन्ही बोलायला लागले. क्लबने हे काम दुसऱ्याकडे द्यायचं ठरवलं आणि हात वर केला कुणी, तर गुरोने. आता सदतीस वर्षांची. शहरात शिकून परत आलेली, आमच्याच शाळेत शिक्षिका, दोन पोरांची आई. म्हातारा एम्ब्रेट तिच्याजवळच राहतो. दिवसभर खिडकीत बसतो आणि आल्यागेल्याला गोष्टी सांगतो.

जानेवारीतल्या एका रविवारी आर्नफिन तिला काम समजावून द्यायला आला. आम्ही तिघंच खोलीत होतो. शेगडी पेटलेली, मी पीठ फेटत होते. आमच्याकडे पोरंसोरंही म्हाताऱ्यांना नावानेच हाक मारतात, तशी गुरो त्याला बापाच्या वयाचा असला तरी अरेतुरे करायची.

"म्हणजे आठला पहिलं माप, मग दर तासाला," ती म्हणाली. "आणि टांगायचा कुठे?"

"बर्चला. छातीच्या उंचीवर."

"दोरी ही?"

"ही."

"आणि दोरी तुटली तर? बर्फात खोचला तर चालेल ना?"

"नाही." तो जरा मोठ्याने बोलला. "बर्फावर टेकवायचा नाही. खाली चार अंश जास्त थंड असतं."

गुरो हसली. "ते माहितीये रे. शाळेत पोरांना शिकवते मी. पण असं कोण वेडं टेकवेल?"

मी पीठ फेटत राहिले. माझ्या पाठीला सगळं ऐकू येत होतं. आर्नफिनने खुर्ची ओढली आणि बसला.

"मी टेकवला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हा. शेवटच्या शर्यतीला."

गुरो हसायची थांबली नाही लगेच. हसू चेहऱ्यावर राहून गेलं, विसरल्यासारखं.

"दोरी खरंच विसरलो होतो," आर्नफिन म्हणाला. एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "रात्रभर तोन्ये खोकत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. खाली गेलो, बघतो तर दोरी नाही. म्हटलं जरा टेकवतो, मग हातात धरून बघतो. टेकवला तर वीस. मला कळत होतं वीस नाहीये. हात वर केला असता की झालं असतं. दहा मिनिटं धरून उभं राहायचं, बस. मी उचलला नाही. मग आठला वर आलो, दोरी इथेच होती. घेतली नाही. नऊला नाही, दहाला नाही. पहिल्यांदा चूक झाली, गुरो. पुढच्या तीनदा नाही झाली."

"खरं किती होतं?"

"सोळा. अकराला पंधरा."

"आणि हद्द अठरा."

"अठरा."

गुरो खिडकीशी जाऊन उभी राहिली. आम्हाला तिची पाठच दिसत होती. मला वाटलं ती ओरडेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. ओरडली असती तर खोलीतली हवा जरा मोकळी झाली असती.

"त्या जागेचं मला काही नाही," ती शेवटी म्हणाली. "मी गेले असते तरी एकसष्टावीच आले असते कदाचित. पण मला पळायचं होतं रे. त्या दिवशी माझे पाय असे होते ना... परत कधी तसे झाले नाहीत. मी घरी जाऊन बाबाला वाटेल ते बोलले. तुला शिव्या दिल्या. म्हटलं, स्वतःच्या पोरीसाठी केलं त्याने. बाबाने मला तोंड धुऊन यायला सांगितलं. म्हणाला, चांगल्या माणसाबद्दल असं बोलायचं नसतं. मी माफी मागितली. तुझी नाही, बाबाची. तू वाईट आहेस असं म्हटलं म्हणून."

आर्नफिन खाली बघत होता. "मी एम्ब्रेटलाही सांगतो. आजच जातो."

"अजिबात नाही!" ती गर्रकन वळली. "खबरदार त्याला सांगितलंस तर. त्याच्याजवळ आता सांगायला पाच-सहा गोष्टी उरल्यात, आर्नफिन, आणि त्यातली एक तुझी आहे. रोज सांगतो. माझ्या पोरांना तोंडपाठ झालीये. तुला हलकं वाटावं म्हणून मी त्याच्याकडून ती काढून घेऊ? तू मला सांगितलंस, झालं. तुझं ओझं तू माझ्या पाठीवर दिलंस. ते तिथेच राहू दे."

"बरं," आर्नफिन म्हणाला.

"आणखी कुणाला माहितीये हे?"

माझा डाव पातेल्यातच थांबला. शेगडीतलं लाकूड तडतडत होतं. मी मनात म्हटलं, आता ओड्नी, आता बोल. त्याने बोलून दाखवलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, छातीत शिट्टी घेऊन. तुला काय झालंय?

"कुणालाच नाही," आर्नफिन म्हणाला. माझ्याकडे न बघता.

पण गुरो शिक्षिका आहे. एकाचं उत्तर ऐकून ती थांबत नाही. ती माझ्याकडे वळली.

"ओड्नी, तू इथेच होतीस ना त्या दिवशी? तुला काही कळलं नव्हतं?"

तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी हात ॲप्रनला पुसले.

"मला काय कळणार गं?" मी म्हटलं. "मी आपली वाफल भाजत होते."

आर्नफिनने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. बावीस वर्षांत आमच्या दोघांत जे एक होतं ते आता माझ्या एकटीचं झालं, एवढंच त्याला समजलं होतं आणि मलाही. तो उठला, टोपी घातली, हळूहळू पायऱ्या उतरून घरी गेला. त्यानंतर तो शर्यतीला आलेला नाही. लोक म्हणतात, गुडघ्यांमुळे.

गुरोने दोरी हाताला गुंडाळली आणि थर्मामीटर बगलेत घेतला. विहिरीकडे जायला निघाली, दारात थांबली आणि परत आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरंय, निदान तू तरी आहेस," ती म्हणाली. "तुझ्यासमोर खोटं बोलायची त्याची हिंमत कशी झाली, तेच कळत नाही मला."

मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, जा, आठ वाजायला आले.